विलायती गाडीचा दम

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. पोळ्याची कर होती, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. बडनेऱ्याच्या अलीकडे हायवेच्या कडेला पुण्याचे साने साहेब माझ्या गाडीतून उतरले, दार हळूच लावलं आणि मला म्हणाले, “काका, वाईट वाटून घेऊ नका. पण हिच्यात दम नाही.”

मी उतरलो नाही. बाजूच्या सीटवर बसून राहिलो. मागच्या सीटवर माझा मुलगा विजय गुडघे हनुवटीला लावून बसला होता. या गाडीत मागची सीट नावालाच आहे. तिच्यावर बॅग बसते, माणूस बसत नाही.

“दम नाई म्हन्जे?” मी विचारलं.

“म्हणजे पळत नाही.”

“तुमी दाबून नाई राहिले.”

“काका, पाय खालपर्यंत गेला होता. आणखी दाबला तर रस्त्याला लागेल.”

गाडी कोणती ते आधी सांगतो. विलायती आहे, इंग्लंडात बनलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की लोक गाडीचं ऐकत नाहीत, किमतीचं विचारतात. दोन दारं, लांब बोनेट, गर्द हिरवा रंग. असल्या गाडीला ग्रँड टूरर म्हणतात. त्याचा अर्थ असा की दोन माणसांनी सामान घेऊन निघायचं, दिवसभर जोरात चालवायचं, आणि उतरल्यावर कंबर धरायची नाही. ही आमच्या अमरावतीच्या डॉक्टर साहेबांची. ते खूप वर्षं विलायतेत होते. परत आले तेव्हा बोटीतून गाडी सोबत आणली. लोक टीव्ही आणत, त्यांनी गाडी आणली.

मी त्यांचा ड्रायव्हर. त्याआधी ट्रकवर होतो. वरूडचा संत्रा भरून दिल्लीला न्यायचो. शाळा तिसरीपर्यंत झाली. पण गाडी वाचता येते. डॉक्टर साहेब गेले तेव्हा त्यांची मुलगी इंग्लंडहून आली होती. घर आवरलं, सामान वाटलं, आणि गाडीची चावी माझ्या हातात ठेवून म्हणाली, “काका, बाबांनी सांगून ठेवलंय. ही तुम्हालाच.” गाडी माझ्या नावावर झाली. मूर्तिजापूरजवळ आमच्या गावात, गोठ्याच्या बाजूला टिनाचं शेड टाकून मी ती उभी केली. पहिल्या वर्षी आसपासच्या गावांतले लोक पाहायला येत. बैलांना ते आवडत नव्हतं.

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली. उंदरांनी वायरी खाल्ल्या. वायरी मी बदलल्या, पण विजयनं तो धागा धरला. “बाबा, हिचे पार्ट इथे भेटत नाई. तुमी एकटेच चालवता. उद्या तुमाले काई झालं तर ही गाडी कोंबड्या बसवाले कामी येईन. चांगल्या हातात देऊन टाका.” सहा महिने रोज हेच. शेवटी आमच्यात ठरलं. पुण्याचे साने साहेब असल्या गाड्यांचे शौकीन, स्वतः चालवणारे. त्यांनी यावं, पाहावं. पसंत पडली तर द्यायची. नापसंत केली तर गाडी घरीच राहील आणि विजय पुन्हा हा विषय काढणार नाही. त्यानं आईसमोर शब्द दिला होता.

आता साने साहेब रस्त्यावर उभे राहून नापसंत म्हणत होते. म्हणजे मी जिंकलो होतो.

“विजयराव,” साने साहेब म्हणाले, “गाडी सुंदर ठेवली आहे काकांनी. आतलं लेदर तर कमाल. पण सुपरचार्जर प्रेशरच देत नाहीये. तो गेला असेल तर इकडे दुरुस्त होणार नाही, पुण्यातही कठीण. माफ करा. मला बडनेरा स्टेशनला सोडा. संध्याकाळची गाडी मिळेल.”

विजय म्हणाला, “बरं साहेब.”

मी म्हणालो, “बरं काहून? थांब जरा.”

सुपरचार्जर काय ते इथं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनात पेट्रोल जळतं, आणि जळायला हवा लागते. साधं इंजिन स्वतःच्या दमानं ओढेल तेवढीच हवा घेतं. सुपरचार्जर म्हणजे हवेचा पंप. तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. हा पंप फिरतो एका रबरी पट्ट्यावर. पिठाच्या गिरणीत असतो तसाच पट्टा, फक्त त्याला आतून लांब खाचा असतात. इंजिन फिरलं की पट्टा फिरतो, पट्टा फिरला की पंप. पंप फिरताना शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. आमच्या गाडीचा यायचा. डॉक्टर साहेब त्या आवाजावर म्हणायचे, “ऐक, बाई बोलायला लागली.”

त्या दिवशी बाई बोलली नव्हती. ते मलाही कळलं होतं. पण मला वाटलं, पुण्याच्या माणसाचा पाय हलका आहे.

“मी चालवतो,” मी म्हणालो. “तुमी इकडे बसा.”

साने साहेब बसले. मी गाडी अमरावतीच्या दिशेनं काढली. हायवे आता चांगला झाला आहे. पूर्वी या रस्त्यावर डॉक्टर साहेब डोळे मिटून बसायचे. मी दुसरा टाकला, दाबला. तिसरा टाकला, दाबला. इंजिनाचा आवाज वाढला. गाडी वाढली नाही. समोर कापसाच्या सरकीचा ट्रक होता. तो मागे पडायला हवा होता. तो आमच्या सोबतच चालत राहिला. त्याचा क्लीनर खिडकीतून वाकून आमच्याकडे पाहत होता. मग त्यानं हात केला.

“वारा समोरून हाये,” मी म्हणालो.

“झाडाचं पान हलत नाही, काका.”

“एसी चालू हाये.”

साने साहेबांनी एसी बंद केला. काही फरक पडला नाही. ट्रक पुढे गेला.

“पेट्रोल मूर्तिजापूरचं होतं,” मी म्हणालो.

“बाबा,” मागून विजय म्हणाला, “राहू द्या ना आता.”

तेवढ्यात साने साहेबांनी नाक वर केलं. “काका, मघापासून एक वास येतोय. मी चालवत होतो तेव्हाही येत होता. साजूक तुपाचा.”

“कर हाये आज. कोनाच्या तरी घरी चुलीवर काई असन.”

“दोन्ही बाजूंना तूर आहे हो. घर कुठंय?”

हे खरं होतं. मीही वास घेतला. तूप कढवताना खाली लागलं तर जसा येतो तसा. गाडी जोरात दाबली की वाढत होता, सोडली की कमी होत होता. शेतातला वास पायाच्या हिशोबानं कमी-जास्त होत नाही.

पुढे एक ढाबा होता. करीमुळे गिऱ्हाईक नव्हतं. मालक बाजेवर पडला होता. मी गाडी झाडाखाली लावली आणि बोनेट उघडलं.

आतून वाफारा आला, तो थेट आमच्या स्वयंपाकघरातला. सुपरचार्जर इंजिनाच्या कडेला असतो, तेलाच्या डब्याएवढा. तो पूर्ण पिवळा होता. पुली पिवळी. पट्टा पिवळा आणि ओला, आणि त्याच्या खाचांत पिवळा लगदा बसलेला. बोनेटच्या आतल्या बाजूला पिवळ्या शिंतोड्यांची सरळ रेघ उठली होती.

साने साहेब वाकून पाहत होते. “कूलंट असेल. काही कूलंट पिवळे येतात. पण पट्ट्यावर कसं आलं?”

मी बोटावर घेतलं. वास घेतला. मग जिभेला लावलं.

“काका, अहो! विषारी असतं ते!”

“लोनी हाये,” मी म्हणालो. “हळद घातलेलं.”

साने साहेबांनी विजयकडे पाहिलं. विजय ढाब्याकडे पाहत होता.

मी घरी फोन लावला. आमच्या मंडळींनी उचलला.

“शांते, गाडीच्या इंजिनाले काय लावलं तू?”

“खांद शेकली तिची. काहून?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा घट्टा पडून कडक होतो. तो गरम पाण्यानं शेकायचा, त्यावर हळद आणि लोणी चोळायचं, आणि बैलाच्या कानात सांगायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी पोळा. त्या दिवशी बैलाला काम नाही, पुरणपोळी असते. आमच्या घरची रीत अशी की जे जे ओढतं त्याची खांद शेकायची. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याच्या मागच्या हुकाला लोणी लागलं, कारण ट्रॉली तिथून ओढली जाते. विहिरीवरच्या मोटरीलाही बोट लागतं. या गाडीला दरवर्षी बोनेटवर हळदकुंकू व्हायचं, तेवढंच.

“इंजिनाले कोन सांगतलं लावाले?” मी विचारलं.

“तुमीच.”

“मी?”

“परवा संध्याकाळी तुमी झाकन उघडून तेल पाहून राहिले होते. मी इचारलं का नाई, आवो, या गाडीचा खांदा कुठी असते? तुमी म्हनले, हा पाय, हा डब्बा. हाच तिचा खांदा. साऱ्या गाडीचा जोर इथूनच लागते. अन् हा पट्टा म्हन्जे जोत.”

म्हणालो होतो. जोत म्हणजे बैलाला जुवाशी बांधायचा कातडी पट्टा. सुपरचार्जर समजावून सांगायची माझी हीच पद्धत आहे, आणि पद्धत चांगली आहे. तिला एका वाक्यात समजलं.

“मंग जोताले बी लावलं?”

“जोताले नाई लावत का आपन? कातडं कडक नाई झालं पायजे. चांगलं चोयलं दोन्ही अंगानं. तुमी मंग झाकन लावून गेले जेवाले.” ती थांबली. “आवो, यंदा तिचा आपल्या घरी शेवटचा पोया होता ना. म्हनून नीट केली. बिघडलं का काई?”

“नाई. काई नाई बिघडलं,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

साने साहेबांनी अर्धं ऐकलं होतं, अर्धं मी सांगितलं. पोळ्याच्या दिवशी गाडीला सुट्टी होती, म्हणून कोणाला कळलं नाही. करीच्या सकाळी विजय त्यांना मूर्तिजापूर स्टेशनवरून मोटरसायकलवर घरी घेऊन आला, आणि मी गाडी शेडमधून फक्त रस्त्यापर्यंत आणली. तिथून पुढे ते चालवत होते. पट्टा लोण्यावर घसरत होता, पंप जेमतेम फिरत होता. इंजिन ओरडत होतं, हवा मिळत नव्हती. सुपरचार्जर प्रेशर देत नाही हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. त्यांना लोणी ठाऊक नव्हतं एवढंच.

साने साहेबांनी त्या पिवळ्या पट्ट्याला बोट लावून पाहिलं. “मी इतक्या गाड्या पाहिल्या,” ते म्हणाले, “उंदराचं बीळ पाहिलं, एकदा कार्बोरेटरमध्ये लग्नाच्या अक्षता पाहिल्या. हे नव्हतं पाहिलं.” मग ते हात धुवायला ढाब्याच्या मागे गेले.

ते गेल्यावर विजय माझ्याजवळ आला. मी ढाब्याच्या मालकाकडून भांडी घासायचा साबण, बादलीभर पाणी आणि एक जुना दातांचा ब्रश मागून घेतला होता. विजयनं माझ्या हातातला ब्रश धरला.

“बाबा, काय करून राहिले?”

“पट्टा धुतो.”

“कायले? तो नाई म्हनला ना. आत्ता त्याले स्टेशनवर सोडू. गाडी घरी. तुमी उद्या आरामात धुवा. मी शब्द देला, मी काई म्हननार नाई.”

सहा महिने गाडी देऊन टाका म्हणून मागे लागलेला हाच मुलगा. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, ब्रशकडे पाहत होता.

“तुले तर द्याची होती,” मी म्हणालो.

“होती. पन मघा तो नाई म्हनला तवा तुमचं तोंड पायलं मी आरशातून. राहू द्या, बाबा. ठेवा.”

मी विचार केला. खरं सांगतो, केला. ब्रश खाली ठेवला असता की काम झालं असतं. खोटंही बोलावं लागत नव्हतं.

“विजू, गाडी राहीन रे,” मी म्हणालो. “पन हा मानूस पुन्याले जाईन. तिथे असल्या गाड्यावाले सारे एकमेकाले ओयखतात. हा सांगन, अमरावतीच्या डॉक्टरची हिरवी गाडी पायली. दिसाले चांगली, पन दम नाई. लोनी पायलं त्यानं, दम कुठी पायला? डॉक्टर साहेब आता उत्तर द्याले येनार हायेत का?”

“म्हनू द्या ना. आपल्याले कोठी ऐकू येते?”

“मले आत्ताच ऐकू आलं. अन् त्या सरकीवाल्या क्लीनरनंबी हात केला.”

विजयनं ब्रश सोडला. “चावीवर बसू का?” तो म्हणाला.

पट्टा धुण्याची रीत अशी. दिसतो तेवढा भाग साबणानं घासायचा, खाचांतून ब्रश फिरवायचा. मग कोणीतरी चावी किंचित मारून इंजिन थोडंसं फिरवायचं, की पुढचा भाग समोर येतो. पण घासणाऱ्याचा हात बाहेर आला आहे हे पाहूनच चावी मारायची. नाहीतर बोट जातं. आम्ही दर वेळी ओरडत होतो. मी “हात भाएर!” म्हणायचो, विजय “मारू?” म्हणायचा, मी “मार!” म्हणायचो. साने साहेब परत आले तेव्हा हे चालू होतं. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर केल्या आणि कपडा घेऊन पुली पुसायला लागले. मी नको म्हणालो नाही. ढाब्याचा मालक बाजेवर उठून बसला. त्यानं विचारलं, “काय झालं गाडीले?”

“जेवण जास्त झालं,” साने साहेब म्हणाले.

धुऊन झाल्यावर साध्या पाण्यानं दोनदा खळबळलं, कोरड्या कपड्यानं पुसलं आणि इंजिन तसंच चालू ठेवून पट्टा सुकू दिला. ओला पट्टाही घसरतो. तोवर चहा झाला. साने साहेबांनी विचारलं की खांदशेकणीचं लोणी म्हशीचं लागतं की गाईचं. मी म्हणालो, घरी जे असेल ते. ते म्हणाले, “इंजिनाला मात्र दोन्ही चालत नाही.”

मग मी बसलो. साने साहेब बाजूला, विजय मागे गुडघे धरून. हायवेवर आलो. पहिला, दुसरा. दाबला.

आधी बारीक आवाज आला. मग तो वर चढत गेला. बाई बोलली. सीटनं पाठीत असं ढकललं की साने साहेबांचा हात आपोआप दाराच्या दांडीवर गेला. तिसरा टाकला. तूर दोन्हीकडून मागे जायला लागली. पुढे काही वेळानं तो सरकीचा ट्रक दिसला, तोही मधे चहाला थांबला असावा. त्याच्या बाजूनं जाताना क्लीनर खिडकीत होता. मी हात केला नाही. मान सरळ ठेवली. त्यानं पाहिलं, तेवढं पुरे.

साने साहेबांनी बडनेऱ्याच्या पुलापर्यंत दाराची दांडी सोडली नाही. पुलाजवळ म्हणाले, “मी चालवू?”

मी गाडी दिली. त्यांनी चालवली. पाय हलका नव्हता, मी आधी चुकीचं समजलो होतो. चांगला पाय होता. गिअर बदलताना गाडीला कळू देत नव्हते. ब्रेक वेळेवर आणि थोडा. वळणाआधी ते गाडीला तयार करत, वळणात नाही. हे मी डॉक्टर साहेबांकडून शिकलो होतो. यांना कोणी शिकवलं, मी विचारलं नाही.

त्यांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

“काका, मी मघा नको म्हणालो होतो.”

“हो.”

“ते मागे घेता येईल का?”

मी विचारलं, “गाडी हॉलमदे उभी ठेवसान का चालवसान?”

“चालवीन. आजच पुण्याला चालवत नेईन, तुम्ही हो म्हणालात तर.”

मी हो म्हणालो. शब्द दिला होता, आणि माणूस चालवणारा होता. नाही म्हणायला काही कारण शोधलं, पण वेळेवर सापडलं नाही. घरी जाऊन सह्या झाल्या. शांतानं साने साहेबांना पुरणपोळी बांधून दिली. लोणीही देत होती. त्यांनी हात जोडले. तिनं पुन्हा गाडीला ओवाळलं, या वेळी बाहेरूनच. मी त्यांना सांगितलं, थंडीत आधी जरा चालू ठेवा, मग दाबा. ते म्हणाले, ठाऊक आहे. मी म्हणालो, ठाऊक असन, पन मी सांगतलं. गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली. फाट्याच्या पुढेही थोडा वेळ शिट्टी ऐकू येत होती. विजय म्हणाला आता येत नाही. मी म्हणालो येते.

शांता मला म्हणाली, “माह्याच हातानं झालं ना सारं?”

मी म्हणालो, “खांदशेकनी बरोबरच होती. खांदा मी चुकीचा दाखोला.” या धंद्यात एवढं शिकलो. समोरच्याला उदाहरण देऊन समजवायचं असेल तर त्याच्या हातात लोणी आहे का ते आधी पाहून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी.नं अकोल्याला गेलो आणि लायसन रिन्यू करायला उभा राहिलो. मुदत संपायला अजून वेळ होता. खिडकीवरच्या पोरीनं माझं वय पाहिलं, मग मला पाहिलं.

“बाबा, गाडी कोनती चालवता?”

“सध्या कोनतीच नाई.”

“मंग लायसन कायले पायजे?”

“ड्रायव्हर हाओ म्हनून,” मी म्हणालो.

तिनं मला फोटोच्या रांगेत बसवलं.